देणगी आईबापांची, मक्ता कंपनीचा

टेप्लिझुमॅब ह्या औषधाच्या एका कुपीची अमेरिकेत जाहीर झालेली किंमत १३,८५० डॉलर. चौदा दिवस रोज शिरेतून द्यावयाचे, म्हणजे एका रोग्यामागे १,९३,९०० डॉलर. रुपयांत दीड कोटीहून अधिक. औषध मधुमेह बरा करीत नाही. ज्याच्या रक्तात पहिल्या प्रकारच्या मधुमेहाची पूर्वचिन्हे दिसू लागली आहेत, अशा मुलाचा आजार ते सुमारे दोन वर्षे पुढे ढकलते, इतकेच. आता दोन वर्षे सुईविना काढणे ही आठ वर्षांच्या मुलाच्या आईला लहान गोष्ट वाटत नाही, आणि ती लहान नाहीच. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने ह्या औषधाला मान्यता दिली. सहा महिन्यांच्या आत, एप्रिल २०२३ मध्ये, औषधाची मालकी असलेली प्रोव्हेन्शन बायो ही छोटी कंपनी सनोफी ह्या फ्रेंच मक्तेदार कंपनीने २९० कोटी डॉलर मोजून विकत घेतली.

ह्या २९० कोटींपैकी औषध शोधणाऱ्या विद्यापीठांचा, चाचणीसाठी आपला देह पुढे करणाऱ्या मुलांचा आणि वर्गणीची पेटी घेऊन दारोदार हिंडलेल्या आईबापांचा वाटा किती, हा प्रश्न दूरदेशीचा म्हणून सोडून देता येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये भारताच्या संसदेने 'अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान' स्थापन करणारा कायदा संमत केला. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये संशोधनावर खर्च होतील असा गाजावाजा झाला. त्यातील ३६,००० कोटी उद्योगपती, दानशूर व्यक्ती व अन्य बिगरसरकारी मार्गांनी यावयाचे आहेत, ही गोष्ट मात्र गाजावाज्यात खालच्या पट्टीत सांगण्यात आली. विज्ञानाला लाल फितीतून सोडवावयाचे तर ते दात्यांच्या हाती द्यावे, असे सांगणाऱ्यांची भारतात आता वाण नाही. दाखला नेहमी अमेरिकेचा. तेव्हा अमेरिकेतील ह्या व्यवस्थेचा सर्वांत यशस्वी म्हणून मिरवला जाणारा नमुना नीट उलटून पाहणे कार्यकर्त्यांना आवश्यक आहे.

पहिल्या प्रकारचा मधुमेह हा साखरसम्राटांच्या पोटाचा किंवा बैठ्या बाबूंच्या खुर्चीचा आजार नव्हे. ह्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच देहावर उलटते; स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींना परके समजून एकेक करून संपवते. बहुधा बालपणी किंवा तारुण्यात हे घडते, आणि त्यात रोग्याचा वा त्याच्या आईबापांचा काडीइतका दोष नसतो. १९२२ पूर्वी ह्या मुलांना उपाशी ठेवून आयुष्याचे काही महिने वाढवणे एवढाच इलाज होता. १९२१ मध्ये टोरंटो विद्यापीठात बँटिंग, बेस्ट, कॉलिप व मॅक्लाउड ह्यांच्या कामातून इन्शुलिन हाती आले, जानेवारी १९२२ मध्ये ते चौदा वर्षांच्या एका मुलास टोचले गेले आणि मृत्युशय्येवरील मुले उठून बसू लागली. १९२३ मध्ये बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप ह्यांनी आपला पेटंटचा हक्क विद्यापीठास विकला, प्रत्येकी एका डॉलरला. कोणा कंपनीने ह्या औषधाचा मक्ता बळकावू नये, हा त्यामागील हेतू होता. शंभर वर्षांनी त्या हेतूचे काय झाले, ते पुढे येईलच.

१९७० मध्ये अमेरिकेत अशा मुलांच्या आईबापांनी एकत्र येऊन बालमधुमेह संशोधनासाठी एक संस्था काढली. पुढे जेडीआरएफ ह्या नावाने ती जगभर ओळखली गेली आणि जून २०२४ पासून ती 'ब्रेकथ्रू टी-वन-डी' हे नाव लावते. स्थापनेपासून अडीच अब्ज डॉलरहून अधिक रक्कम आपण संशोधनावर खर्च केल्याचे ती सांगते. ह्या आईबापांची टवाळी करणे हे समाजवादी कार्यकर्त्याचे काम नव्हे. रात्री दोन वाजता गजर लावून उठून मुलाच्या रक्तातील साखर तपासणारी आई काही वर्गशत्रू ठरत नाही. तिने जे केले ते कोणतीही संघटित जनता करते: दुःख एकट्याचे राहू दिले नाही. वर्गणी गोळा केली, पदयात्रा काढल्या, आमदार-खासदारांचे उंबरठे झिजवले.

शिवाय त्यांच्या तक्रारीत तथ्य होते, हेही मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. सरकारी अनुदान वाटणाऱ्या तज्ज्ञसमित्या सावध असतात. ज्या प्रयोगाचे उत्तर अर्धेअधिक आधीच ठाऊक आहे त्याला पैसा चटकन मिळतो. ज्याची कल्पना नवी, ज्याचा कर्ता तरुण आणि ज्याचे अपयश संभवनीय, त्याची फाईल पुढच्या वर्षावर जाते. सरकारी विज्ञान असे भित्रे झाले की धाडसी विज्ञान खाजगी दाराशी जाऊन उभे राहते. आणि कधी कधी तर सरकार भित्रेच नव्हे, धर्मांधांना शरण गेलेले असते. ऑगस्ट २००१ मध्ये अध्यक्ष बुश ह्यांनी भ्रूणातील मूलपेशींवरील नव्या संशोधनाला संघराज्याचा पैसा नाकारला. त्या वेळी हार्वर्डचे डग्लस मेल्टन, ज्यांच्या स्वतःच्या घरात हा आजार होता, त्यांनी हॉवर्ड ह्यूज वैद्यकीय संस्था, जेडीआरएफ आणि विद्यापीठ ह्यांच्या खाजगी पैशावर मूलपेशींचे १७ नवे वाण तयार केले आणि २००४ मध्ये ते जगभरच्या संशोधकांपुढे ठेवले. सरकारने फेकलेली मशाल खाजगी हातांनी उचलली, असा हा प्रसंग आहे. दानवादाचा ह्याहून बळकट पुरावा दुसरा नसेल, म्हणूनच तो येथे आधी मांडला.

परंतु ह्या पुराव्याने सिद्ध काय होते? राज्यसत्ता प्रतिगाम्यांच्या हाती गेली तर विज्ञान कुंठित होते, हे सिद्ध होते. त्यावरचा इलाज राज्यसत्ता प्रतिगाम्यांच्या हातून काढून घेणे हा आहे. विज्ञान कायमचे दात्यांच्या ओटीत टाकावे, हे त्यातून निघत नाही. बुश ह्यांचे निर्बंध मार्च २००९ मध्ये ओबामा ह्यांच्या आदेशाने उठले. ते मतपेटीने उठवले, कोणा न्यासाच्या धनादेशाने नव्हे.

आता 'खाजगी पैसा' म्हणून ज्याचा गौरव होतो तो किती खाजगी आहे, ते पाहावे. अमेरिकेत १९१७ पासून देणगीवर प्राप्तिकरात सूट मिळते. कोट्यधीशाने शंभर डॉलर दान दिले की त्यातील तीस-पस्तीस डॉलर तो सरकारी तिजोरीत भरावयाचे वाचवतो. म्हणजे दानाचा एक तृतीयांश भाग जनतेचा, आणि तो कोठे खर्चावयाचा हे ठरवण्याचा पूर्ण अधिकार दात्याचा. मजुराच्या पगारातून कापलेल्या करावर मात्र मजुराला अशी निवड कोणी देत नाही.

ह्या आजाराच्या संशोधनावर सर्वाधिक खर्च करणाऱ्या खाजगी न्यासांत हेल्म्स्ली न्यासाचे नाव फार वर आहे. ही संपत्ती लिओना हेल्म्स्ली ह्या न्यूयॉर्कमधील हॉटेले आणि इमारती ह्यांच्या मालकिणीची. १९८९ मध्ये करचुकवेगिरीच्या गुन्ह्याखाली त्यांना शिक्षा झाली आणि पुढे तुरुंगवासही घडला. कर भरणे हे क्षुद्र माणसांचे काम, असे बाई म्हणाल्याचे त्यांच्या घरी काम केलेल्या स्त्रीने न्यायालयात शपथेवर सांगितले होते. बाईंनी ते नाकारले. २००७ मध्ये त्या वारल्या तेव्हा आपल्या कुत्रीसाठी त्यांनी १ कोटी २० लाख डॉलर ठेवले होते. न्यायाधीशाने ते २० लाखांवर आणले, हा न्यायाधीशाचा समंजसपणा. बाकीची अब्जावधी संपत्ती न्यासाकडे गेली. त्या न्यासाच्या पैशाने चांगली कामे झाली आहेत, मुलांच्या रक्तशर्करेचे यंत्र सुधारले आहे, नोंदवह्या तयार झाल्या आहेत. ते कोणी नाकारीत नाही. प्रश्न इतकाच की जे धन कराच्या रूपाने जनतेच्या प्रतिनिधींसमोर यावयाचे, ते चुकवलेल्या कराच्या काळजातून मृत्युपत्राच्या वाटेने मूठभर विश्वस्तांच्या मेजावर यावे, आणि लक्षावधी रोग्यांच्या विज्ञानाची दिशा त्या मेजावर ठरावी, ह्याला लोकशाही म्हणावयाचे काय?

गंमत अशी की, ह्या दानसंस्थेचे सर्वांत मोठे यश दानातले नाहीच. १९९७ मध्ये तिच्या दबावामुळे अमेरिकी काँग्रेसने पहिल्या प्रकारच्या मधुमेहावरील संशोधनासाठी खास तरतूद केली. २००४ पासून ती वर्षाला १५ कोटी डॉलर झाली. ह्याच सरकारी पैशावर 'ट्रायलनेट' हे अनेक रुग्णालयांचे जाळे चालते, आणि टेप्लिझुमॅबची निर्णायक चाचणी ह्याच जाळ्याने केली. त्या औषधाचा इतिहास मुद्दाम सांगण्याजोगा आहे. मूळ कल्पना शिकागो विद्यापीठातील जेफ्री ब्लूस्टोन आणि त्यांचे सहकारी ह्यांची. मानवी चाचण्यांची धुरा केवन हेरॉल्ड ह्यांनी प्रथम कोलंबिया व नंतर येल विद्यापीठातून वाहिली. मध्येच एका कंपनीने औषध हाती घेतले, एलाय लिली तिची भागीदार झाली. २०१० मध्ये मोठ्या चाचणीत ठरलेला निकाल न लागताच लिलीने अंग काढून घेतले. जोखमीचे भांडवल म्हणतात ते जोखीम दिसताच असे पळाले. जे पळाले नाहीत ते विद्यापीठ, सरकारी अनुदान, आईबापांची वर्गणी, आणि ७६ माणसे, त्यातील बहुसंख्य मुले, ज्यांच्या घरात आधीच हा आजार होता. औषध मिळालेल्यांत आजार सुरू होण्याचा मध्यक काळ ४८ महिने आणि न मिळालेल्यांत २४ महिने, हा निकाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१८ मध्ये, प्रोव्हेन्शन बायोने औषधाचे हक्क विकत घेतले होते. शेत नांगरणारा एक, पेरणारा दुसरा, राखण करणारा तिसरा. कणसे भरल्यावर सातबारा मात्र चौथ्याच्या नावे!

येथवरचा दोष व्यवस्थेचा म्हणता येईल. आईबापांच्या संस्थेने स्वतःहून काय केले, ते ह्याहून बोचणारे आहे. २०१६ मध्ये तिने एक निधी उभा केला. त्याचे काम अनुदान देण्याचे नव्हे. देणग्यांच्या पैशातून कंपन्यांचे भाग विकत घेण्याचे, आणि आपल्यामागून खाजगी भांडवल ह्या क्षेत्रात खेचून आणण्याचे. दान आणि सट्टा ह्यांच्या ह्या संकराला तिकडे मोठे भारदस्त नाव आहे. प्रोव्हेन्शनमध्ये ह्या निधीचा पैसा होता. मेल्टन ह्यांच्या प्रयोगशाळेतून निघालेल्या सेमा ह्या कंपनीतही होता. ती २०१९ मध्ये व्हर्टेक्स ह्या औषधकंपनीने ९५ कोटी डॉलरला घेतली. मूलपेशींपासून इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी बनवून रोग्याच्या शरीरात सोडण्याची जी पद्धत सरकारने नाकारली असताना देणगीने जगवली, ती आता ह्या एका कंपनीची मिळकत आहे. जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ रोग्यांपैकी १० जण वर्षभरानंतर इन्शुलिनविना होते. विज्ञान म्हणून हे अपूर्व आहे. अशा दिवसाची वाट पाहत किती आईबाप म्हातारे झाले असतील! मग हे औषध बाजारात येईल तेव्हा त्याची किंमत कोण ठरवणार? १७ वाण जगाला वाटणारे विद्यापीठ नव्हे, वर्गणी देणारी आई नव्हे, सरकार तर नव्हेच.

ह्या वाटेचा पहिला वाटसरू दुसऱ्याच एका आजाराची संस्था होती. सिस्टिक फायब्रोसिस हा प्रतिकारशक्तीचा नव्हे, आनुवंशिक आजार. त्याच्या दानसंस्थेने ह्याच व्हर्टेक्स कंपनीच्या संशोधनाला पैसा पुरवला आणि औषध यशस्वी झाल्यावर आपला स्वामित्वशुल्काचा हक्क २०१४ मध्ये ३३० कोटी डॉलरला विकला. औषधाचा भाव वर्षाला सुमारे ३ लाख डॉलर होता. तेव्हापासून सगळ्या रोगांच्या दानसंस्थांच्या डोळ्यांपुढे हा आकडा चमकतो आहे. समर्थक म्हणतात, मिळालेला पैसा कोणी घरी नेला नाही, तो पुन्हा संशोधनातच गेला. खरे आहे. पण औषधाचा भाव जितका चढा तितका संस्थेचा वाटा मोठा, हेही तितकेच खरे. रोग्यांची म्हणून जन्मलेली संस्था रोग्यांच्या खिशातून निघणाऱ्या रकमेत भागीदार झाली, तर किंमत उतरवा म्हणून मोर्चा कोणी काढावयाचा? सावकाराच्या पेढीत ज्याची ठेव आहे तो व्याजाच्या दरावर फार मोठ्याने बोलत नाही.

ही केवळ तार्किक शंका नव्हे, इन्शुलिनच्या बाबतीत ती प्रत्यक्ष दिसली. ज्या औषधाचा हक्क एका डॉलरला दिला गेला त्याच्या एका नव्या प्रकाराची कुपी लिलीने १९९६ मध्ये २१ डॉलरला बाजारात आणली, आणि वीस-बावीस वर्षांत तीच कुपी तोच कारखाना २७५ डॉलरला विकू लागला. कुपीत काहीही बदललेले नव्हते. लिली, नोव्हो नॉर्डिस्क आणि सनोफी ह्या तीन कंपन्यांच्या हाती जवळजवळ सगळा बाजार होता आणि त्यांचे भाव एकमेकांच्या पावलावर पाऊल टाकून चढत होते. २०१७ मध्ये मिनेसोटा राज्यात २६ वर्षांचा एक तरुण आईच्या विम्याखालून वयामुळे बाहेर पडला आणि इन्शुलिन पुरवून पुरवून वापरता वापरता महिन्याच्या आत मेला. जगातील सर्वांत श्रीमंत देशात, इन्शुलिनच्या शोधाला शतक उलटत आलेले असताना! त्या काळात जेडीआरएफने भाववाढीबद्दल चकार शब्द काढला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु तिचा भर विमा कंपन्यांनी खर्च उचलावा ह्यावर राहिला, कारखानदारांच्या नफ्यावर नव्हे. इन्शुलिन बनवणाऱ्या कंपन्यांच्या देणग्या ती घेत आली आहे, आणि रोग्यांच्याच इतर संघटनांनी, कंपन्यांचा एकही पैसा न घेणाऱ्या संघटनांनी, तिला ह्याबद्दल जाब विचारला आहे.

भाव कोणी उतरवले? २०१९ च्या उन्हाळ्यात रोगी आणि त्यांचे आईबाप बसगाड्या करून सरहद्द ओलांडून कॅनडात गेले आणि तिथल्या दुकानांतून तेच इन्शुलिन दहाव्या हिश्शात घेऊन आले. जुलैमध्ये अशाच एका जथ्याबरोबर सिनेटर बर्नी सँडर्स डेट्रॉइटहून विंडसरला गेले. त्या मृत तरुणाच्या आईने सोडलेल्या हट्टातून नव्हे, धरलेल्या हट्टातून मिनेसोटाने २०२० मध्ये कायदा केला आणि तातडीच्या वेळी इन्शुलिन पुरवण्याचे बंधन कारखानदारांवर घातले. २०२२ च्या केंद्रीय कायद्याने सरकारी विम्याखालील वृद्धांसाठी महिन्याला ३५ डॉलरची मर्यादा आली, आणि मार्च २०२३ मध्ये लिलीने जाहीर किमती ७० टक्क्यांनी कमी केल्या. एवढी वर्षे जे अशक्य म्हणून सांगितले जात होते ते एका प्रसिद्धिपत्रकाने शक्य झाले. विनानफा तत्त्वावर इन्शुलिन बनवू पाहणाऱ्या सिव्हिका संस्थेच्या मागे जेडीआरएफ २०२२ मध्ये उभी राहिली, ह्याची नोंद केली पाहिजे. उशिरा का होईना, चांगले केले.

दानाच्या हाती विज्ञान गेले की काय शोधले जाते ह्याची चर्चा होते. काय शोधले जात नाही ह्याची होत नाही. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातील डेनिस फाउस्टमन ह्यांना क्षयावरील बीसीजी लस ह्या मधुमेहावर उपयोगी पडेल असे वाटते. भारतातील प्रत्येक नवजात बालकाच्या दंडावर टोचली जाणारी, काही रुपयांत मिळणारी, कोणाच्याही मक्त्यात नसलेली ती लस. जेडीआरएफने त्यांच्या मानवी चाचणीला पैसा नाकारला. तो मोटारउद्योगातील ली आयाकोका ह्यांच्या न्यासाने दिला. आयाकोकांच्या पत्नी ह्याच आजाराने गेल्या होत्या. फाउस्टमन ह्यांचे सगळे दावे खरे आहेत असे नव्हे. उंदरांवरील त्यांच्या प्रयोगाचा एक महत्त्वाचा भाग २००६ मध्ये अन्य तीन प्रयोगशाळांत पडताळता आला नाही, आणि २०१८ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेले मानवी निष्कर्ष अगदी थोड्या रोग्यांवरचे होते. नकार कदाचित योग्यही असेल. पण पाहा: नकार देणारा एक खाजगी न्यास, होकार देणारा दुसरा खाजगी न्यास, आणि होकाराचे कारण एका धनिकाच्या घरातील मृत्यू. स्वस्त लस लागू पडते की नाही, हा कोट्यवधी गरिबांच्या हिताचा प्रश्न दोन संचालकमंडळांच्या मर्जीवर टांगला गेला. ज्या औषधाचे पेटंट निघत नाही त्याच्यामागे कोणतेही जोखमीचे भांडवल धावत नाही. आणि दानसंस्था भांडवलाला ओढून आणण्यातच कृतार्थता मानू लागली की तीही धावेनाशी होते.

मग भारताच्या खेड्यातील मुलाचे काय विचारावे? आंतरराष्ट्रीय मधुमेह संघटनेच्या २०२१ च्या अंदाजाप्रमाणे ह्या आजाराची वीस वर्षांखालील सर्वाधिक मुले भारतात आहेत, दोन लाखांहून जास्त. वीज नसलेल्या घरात आई इन्शुलिनची कुपी पाण्याच्या मडक्यात किंवा ओल्या वाळूत ठेवते. तपासणीच्या पट्ट्या महाग म्हणून दिवसाला चार ऐवजी एक, कधी आठवड्याला एक. उन्हात न बिघडणारे इन्शुलिन, दोन रुपयांची पट्टी, तालुक्याच्या दवाखान्यात वेळेवर होणारे निदान, हे 'अभिनव संशोधन' ठरत नाही. का ठरत नाही? कारण अभिनव म्हणजे काय हे जेथे ठरते तेथे मडके नाही.

प्रतिपक्षाचा शेवटचा युक्तिवाद असा की, कंपनीशिवाय औषध प्रयोगशाळेतून बाजारात येतच नाही. तेव्हा पैसा कोठूनही येवो. वर टेप्लिझुमॅबची जी हकीकत दिली तिने ह्या युक्तिवादाचा अर्धा भाग कोसळतो. उरलेल्या अर्ध्यासाठी असे की, कंपनीला औषध देताना अट घालण्यास कोणी हात धरला होता? १९८९ मध्ये अमेरिकी राष्ट्रीय आरोग्य संस्थेने आपल्याशी सहकार्य करार करणाऱ्या कंपन्यांवर वाजवी किमतीची अट घातली होती. १९९५ मध्ये कंपन्यांच्या दडपणाखाली ती मागे घेतली गेली. १९८० च्या बे-डोल कायद्याने सरकारी पैशातून निघालेल्या पेटंटवर सरकारला हस्तक्षेपाचा अधिकार ठेवला आहे. चार दशकांहून अधिक काळात तो भाव उतरवण्यासाठी एकदाही वापरला नाही. म्हणजे येथे दोष दानसंस्थेचा एकटीचा नाही. सरकारनेच आधी शस्त्र खाली ठेवले. दानसंस्थेने फक्त त्याचा कित्ता गिरवला.

भारतात हे सारे उद्यावर राहिलेले नाही. जर्मनीतील एर्लांगेन विद्यापीठात गेऑर्ग शेट आणि सहकारी ह्यांनी २०२१ मध्ये ल्यूपस ह्या स्वप्रतिकाराच्याच दुसऱ्या आजाराच्या एका तरुणीवर रक्ताच्या कर्करोगातील पेशी-उपचार वापरला आणि आजार माघारी गेल्याचे दाखवले. तोच प्रकारचा पेशी-उपचार, कर्करोगासाठी, पवईच्या आयआयटीत आणि टाटा स्मारक रुग्णालयात घडवला गेला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला भारतात मान्यता मिळाली. दोन्ही संस्था केंद्र सरकारच्या पैशावर उभ्या आहेत. उपचार बाजारात आणला तो आयआयटीतून निघालेल्या कंपनीने, आणि त्याची किंमत सुमारे ४२ लाख रुपये. अमेरिकेतील अशाच उपचाराच्या तीन-चार कोटींपुढे हा आकडा लहान दिसतो, आणि ते श्रेय संशोधकांचे आहेच. पण इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगाराने तो कोणत्या महिन्याच्या पगारातून भरावयाचा? उद्या हाच मार्ग ल्यूपसकडे किंवा बालमधुमेहाकडे वळला, आणि प्रतिष्ठानाच्या ३६,००० कोटींतील दाता त्यात पैसा घालून बसलेला असला, तर तो आकडा खाली येईल की वर जाईल?

देशाच्या एकूण उत्पन्नाच्या ०.६४ टक्के एवढाच खर्च संशोधनावर करणारे सरकार पैसा नाही म्हणून दात्यांकडे हात पसरते, आणि त्याच वेळी जुलै २०२५ मध्ये खाजगी कंपन्यांच्या संशोधनाला स्वस्त कर्जे व भांडवल पुरवण्यासाठी १ लाख कोटी रुपयांची योजना मंजूर करते. पैसा नाही, हे तेव्हा खरे नव्हे. तेव्हा कामगार संघटनांनी, विज्ञान चळवळींनी आणि लोकप्रतिनिधींनी आताच मागणी केली पाहिजे ती अशी: ज्या औषधात सार्वजनिक संस्थेचा किंवा करसवलतीच्या देणगीचा एक पैसाही आहे त्याच्या किमतीची अट करारातच लिहिली जावी, करार जनतेला वाचावयास मिळावा, आणि कोणते संशोधन व्हावे हे ठरवणाऱ्या समितीत रोग्यांचे निवडून दिलेले प्रतिनिधी असावेत, देणगीदारांनी नेमलेले नव्हेत. औषध तयार झाल्यावर ओरड करून उपयोग नसतो, असेही नाही. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईतील पेटंट नियंत्रकांनी कर्करोगावरील सोराफेनिब ह्या औषधाचा सक्तीचा परवाना हैदराबादच्या नॅटको कंपनीला दिला. बायर कंपनी महिन्याच्या गोळ्यांसाठी २ लाख ८० हजार रुपये घेत होती. नॅटकोने ८,८०० रुपयांत देण्याचे मान्य केले. ज्या कलम ८४ खाली हे झाले ते आजही पेटंट कायद्यात आहे. २०१२ नंतर त्याखाली एकही परवाना दिला गेलेला नाही.